वैजनाथाला हाक कुणी मारायची?

बारशाहून बायका घुगऱ्या घेऊन परततात. मी घुगऱ्यांबरोबर दर वेळी एखादा किस्साही घेऊन यायचे. तीन भावांची एकुलती बहीण मी. पाळण्यातल्या लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझी ड्यूटी लागलेलीच! सासर घाटनांदूरचं, माहेर सिरसाळ्याचं. माझी बैलगाडी वेशीत शिरली की लोक विचारायचे, "आक्का, आता कुणाकडं पाळणा?"

निजामाच्या राज्यातल्या गोष्टी या. नको म्हटलं तरी साठत गेल्या.

*

त्या काळी नावांची मुलखागणिक वेगळी फॅशन असायची. अंबाजोगाईकडं गेलात की घरोघरी योगेश्वरी नाही तर जोगाबाई. माजलगावाकडं गंगाधर आणि गोदावऱ्या. आणि आमच्याकडं, परळीच्या देवाच्या शेजारी, नुसते वैजनाथच वैजनाथ! संध्याकाळी वेशीत कुणी "वैजनाथा" म्हणून हाक मारली की अर्धा गाव "ओ" द्यायचा.

मग काळा वैजनाथ, उंच वैजनाथ, शेळ्यांचा वैजनाथ अशी ओळख ठेवावी लागे. एकाला तर सगळे 'खरा वैजनाथ' म्हणायचे. का, ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं!

माझे वडीलही वैजनाथच. गावचे पाटील.

*

आता बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि सासऱ्याचं तर नाहीच नाही. माझी आई यात भलतीच कडक. उखाण्यातसुद्धा "पाटलांचं नाव घेते" एवढंच म्हणून मोकळी व्हायची.

एकदा शिवरात्रीच्या गर्दीत ती परळीला चुकली. बंदोबस्ताच्या जमादारानं विचारलं, "कहाँ जाना है, अम्मा?"

देवाचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकच, सांगणार कसं? आई म्हणाली, "आमच्या मालकाच्या नावाचं देऊळ हाय न्हवं, तिथं."

"मालिक का नाम क्या है?"

"आता गं बया! ते मी कसं सांगू?"

जमादार हैदराबादकडचा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "अम्मा, मेरी घरवाली तो मेराच नाम ले ले को कोसती!"

*

थोरल्या वहिनीला बरीच वर्षं मूल नव्हतं. तिनं गावाबाहेरच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलगा झाला. मी नाव ठेवलं फकीरा. यात कुणाला नवल वाटायचं नाही, पाटला-कुणब्यांच्या घरात फकीरा आणि पिराजी सर्रास असायचे.

नवसाचं लेकरू, त्यामुळे तूप-साखरेवर वाढलेलं. चांगलं गरगरीत झालं. कानात सोन्याच्या बाळ्या, हातात चांदीची कडी. तहसीलदार घरी जेवायला आले, तेव्हा ते त्यांच्यासमोर बासुंदीची वाटी चाटत बसलं होतं.

"नाम क्या है, बेटे?"

"फकीरा."

तहसीलदारांनी पोराकडं पाहिलं, मग आपल्या विटलेल्या शेरवानीकडं पाहिलं. "पाटील," ते म्हणाले, "ऐसी फकीरी मिलती तो मैं आजच नौकरी छोड़ देता!"

*

शेजारच्या चंद्राबाईची लेकरं जगत नव्हती. सटवाईच्या नजरेत भरू नये म्हणून मग एकाचं नाव दगडू ठेवलं, पुढच्याचं धोंडू, त्याच्या पुढच्याचं उकंडा. तिघंही टणटणीत जगले.

चौथ्याच्या बारशाला बायका म्हणाल्या, "आता केरबा ठिवा."

चंद्राबाई म्हणाली, "राजाराम ठिवा! ती सटवाई बी माझ्या दारात यायला कटाळली आसंल आता!"

*

वडील गेले आणि पुढच्या वर्षी धाकट्या वहिनीला, रुखमाला, मुलगा झाला. सगळं गाव म्हणालं, "पाटील परत आले." म्हणजे नाव ठरलेलंच.

बारशाच्या सकाळी रुखमानं मला जात्यापाशी ओढलं. "वन्सं, पाया पडते, ते नाव नका ठिवू. आमच्या माजलगावासारखं गंगाधर ठिवा. पोटच्या लेकराला मला हाक तर मारता याया पायजे!"

मला तिचं शंभर टक्के पटलं. पण पाळण्याशी वाकले तर समोर आई बसलेली. वडील गेल्यापासून त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ते ऐकायला ती कान लावून बसली होती. मी बाळाच्या कानात वैजनाथच सांगितलं. रुखमानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं तिचं.

*

सासऱ्याच्या नावाचं पोर सांभाळणं म्हणजे काय खायचं काम आहे! रुखमा त्याला सरळ मामंजी म्हणायची. "मामंजी, दूद प्या." "मामंजी, माती खाऊ नका."

एकदा मामंजींनी ताकाच्या डेऱ्यात पाय घातला. रुखमा धावली, मारायला हात उगारला, आणि त्याच हातानं डोक्यावरचा पदर नीट केला!

आई हसून हसून बेजार. म्हणाली, "आगदी आसंच करायचे ते बी!"

*

पोरगा चालायला लागला. बाप, चुलते नावानं हाक मारायचे, तर तो ऐटीत वळायचा. रुखमाच्या "बाळा"ला, "मामंजी"ला ढुंकून बघायचा नाही. "माझ्या हाकंला माझं लेकरू वळत न्हाई, वन्सं," म्हणून रुखमा चुलीपुढं डोळे पुसायची.

नागपंचमीला मी माहेरी आले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, बापय माणसं अजून रानात. आई अंगणात वाती वळत होती, रुखमा भाकरी थापत होती. गुरं घराकडं परतली, उधळलेली, सगळी वाट अडवून. आणि आमचे मामंजी दुडुदुडु दाराबाहेर, थेट त्यांच्या पुढ्यात!

पिठाच्या हातांनी रुखमा धावली. "बाळाऽ! आवं मामंजीऽ!" पोरगा चाललाच. मी उठेपर्यंत तो वाटेवर पोचला होता.

"वैजनाऽऽथ!"

पोरगा थबकला. वळला. हसत हसत अंगणात परत आला. मागून गुरं धुरळा उडवत निघून गेली.

रुखमानं त्याला छातीशी धरलं. मग आम्ही दोघींनी वळून पाहिलं. आई उभी होती, वाती मातीत सांडलेल्या, तोंडावर पदर दाबलेला.

आईनं पदर काढला. "रुखमा, मार हाक त्याला. माझ्यादेखत मार."

पोराच्या केसांत तोंड खुपसून रुखमानं हळूच म्हटलं, "वैजनाथा."

"ओ," पोरगा म्हणाला, आणि रुखमा हमसून हमसून रडली.

आई जवळ आली. कुणी बापय माणूस आलंय का, म्हणून तिनं दाराकडं एकदा पाहिलं. मग नव्या नवरीसारखी लाजून म्हणाली, "रुखमे, मी आजून एक डाव मारू का गं?"