बंड्याचा कान

आमच्या बंड्या कुत्र्याचा मागचा उजवा पाय कापून आज नववा दिवस. दुपारी ड्रेसिंगसाठी जखम चाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं नरसाळं काढलं आणि लगेच त्याच्या उजव्या कानाला खाज सुटली. त्यानं मान वाकडी केली, डोळे मिटले आणि मांडीचा उरलेला तुकडा भराभर हलू लागला.

"अहो, बघत काय बसलात? खाजवा ना त्याला," बायको म्हणाली.

मी हात पुढे केला. तेवढ्यात तो थांबला, त्यानं अंग झाडलं आणि समाधानानं सुस्कारा सोडून तो झोपी गेला.

खाज गेली? मग खाजवलं कुणी? पाय नाही हे त्याला कळलं नाहीये, की मलाच काही कळत नाहीये? हात तसाच पुढे राहिला होता. त्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून मी माझाच कान खाजवला.