शिबिरातली जोडणी

आज सर्व्हरवर कमांड देऊन नेटवर्क कार्डं तपासताना एकापुढं ‘डाऊन’ दिसलं, आणि ओल्या गोधड्यांचा वास आल्यासारखं झालं.

त्या महापुरात कागलच्या शाळेत पूरग्रस्तांचं शिबिर होतं. शिरोळहून आलेल्या आक्का माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. त्यांचे मालक दुसऱ्या शिबिरात आहेत, एवढंच कळलं होतं. शाळेच्या संगणकाचं कार्ड असंच बंद होतं. मी ते कमांडनं चालू केलं, नेटवर्कचा पत्ता हातानं टाकला, त्या शिबिराला व्हिडिओ कॉल लावला, आणि पडद्यावर मालक दिसले.

“आई कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“आत्ती तुमच्यासंगं न्हाईत व्हय?” आक्का म्हणाल्या.



आक्कांच्या सासूबाई पुढं सापडल्याच नाहीत. तेव्हा मला माणसं जोडल्याचं समाधान होतं. आता वाटतं, मी ती जोडणी करेपर्यंत दोघांच्याही मनात त्या सुखरूप होत्या.