वैभ्याला गाडीत चढवणारा माणूस

उलटेराव हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते तबेल्याने ठेवलं आणि जन्माचं चिकटलं. कारण असं, की ते ज्या घोड्याची निगा राखणारे मोतद्दार होते तो घोडा कुणाच्या बापाचं ऐकून गाडीत चढत नसे. शिंगरू असताना घोडे नेणाऱ्या गाडीच्या उतरत्या फळीवरून घसरून त्याचा गुडघा सोलवटला होता. तेव्हापासून फळी दिसली की चारही पाय रोवून उभा. मग उलटेराव त्याच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत फळी चढायचे आणि तोंडाने घरच्या तक्रारी चालू ठेवायचे.

"भाजीत आज परत मीठ नव्हतं, चल. सासूबाई महिनाभर राहणार म्हणे, चल रे बाबा."

सासूबाईंपर्यंत पोचेतो घोडा आत आलेला असे.

रेसकार्डावर त्याचं नाव 'राजवैभव', तबेल्यात नुसता वैभ्या. पहिल्या शर्यतीत त्याच्या मागे एकच घोडा होता, आणि त्याचाही जॉकी वाटेत पडला होता. पुढच्या पाच वर्षांत मात्र सव्वीस शर्यतींपैकी एकोणीस त्याने मारल्या. मोसमातला सगळ्यात मोठा चषक तर लागोपाठ तीनदा. पेपरात फोटो यायचे. घोड्याशेजारी मालक, मालकीणबाई, मालकांचे व्याही, आणि कडेला उलटेरावांचा कोपर. त्यांच्या बायकोने त्यातला एक फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पाहुणे आले की दार उघडून दाखवायची, "हा कोपर आमच्या ह्यांचा."

सातव्या वर्षी वैभ्याच्या पुढच्या डाव्या पायाची नस सुजली. ट्रेनर म्हणाला, आता धावणं संपलं. असा घोडा मग स्टड फार्मवर जातो. खायचं, हिंडायचं आणि पोरं काढायची. उलटेराव मनात म्हणाले, घोडा जाणार, मग आपण कुणाचे?

त्याच आठवड्यात मुकादम घरी जेवायला आला. मुकादम म्हणजे तबेल्याचा मुख्य माणूस आणि उलटेरावांचा थोरला साडू. नोकरीला त्यानेच लावलं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, "काळजी सोड. घोड्याबरोबर तूही जायचंस. बोलून ठेवलंय मी."

"खरं, भाऊ?"

"मग काय जेवायला आलोय नुसता?"

बायकोने खोली सोडायचं घरमालकाला सांगितलं, कुंड्या शेजारणीला दिल्या. तिची बहीण, म्हणजे मुकादमीण, एक नवी चादर देऊन गेली. बसली मात्र नाही. गॅसवर दूध आहे म्हणाली.

रविवारी सकाळी गाडी आली. वैभ्याने सवयीप्रमाणे पाय रोवले. उलटेराव मागे मागे फळी चढले.

"मजा आहे बाबा तुझी. धावणं नाही, काही नाही. आणि मी आहेच तिथे. चल."

वैभ्या गेला आत. त्यांनी दोर बांधला, एवढ्यात खालून मुकादम ओरडला, "अरे, तुझी ट्रंक ऑफिसापाशीच राहिली! घेऊन ये पटकन."

ते ट्रंक घेऊन आले तेव्हा फळी वर उचललेली होती आणि गाडी फाटकाबाहेर पडत होती. आत टापांचा दणका चालला होता. गाडी वळली तरी तो ऐकू येत होता.

"मी मागच्या गाडीने जायचं का?"

मुकादम नळाकडे बघत राहिला. "मागची गाडी नाहीये. मालकांनी परदेशात विकलाय त्याला. पुढे त्याला सांभाळायला तिकडचा माणूस आहे."

"कधी ठरलं?"

"झाला महिना."

"म्हणजे माझ्याकडे जेवलात तेव्हा..."

"अरे, तुझ्याशिवाय तो चढला असता का?" मुकादम एकदम चिडला. "खरं सांगितलं असतं तर तू चढवला असतास?"

"चढवला असता की. मालकाचा घोडा, मालकाने विकला. मला कोण विचारतं?" उलटेरावांनी ट्रंक खाली ठेवली. "पण फळीवर त्याच्याशी खोटं बोललो नसतो, भाऊ. इतक्या वर्षांत एकदाच बोललो, आणि तेही तुम्ही वदवून घेतलंत."

"बरं, चार नंबरच्या ठाणात नवी घोडी आलीय. ती तुलाच देतो."

उलटेरावांनी ट्रंक परत उचलली आणि रस्त्यापलीकडच्या तबेल्यात काम मागितलं. त्यांच्या बायकोने चादर बहिणीच्या दारात नेऊन ठेवली. बेलसुद्धा वाजवली नाही.

नव्या तबेल्यात त्यांच्याकडे तीन घोडे आहेत. खरारा, चारा, पाणी, सगळं वेळच्या वेळी. पण दिवस दिवस घोड्यांशी एक शब्द नाही. तिथल्या मुकादमाला वाटतं, माणूस मुळातच अबोल असावा.