काउंटेसबाईची भावकी

किस्से म्हणजे फणसाच्या आठळ्या! कुणी मुद्दाम जमवत नाही, पण पावसाच्या आत टोपली भरलेली असते. आमची टोपली म्हणजे गुहागरजवळच्या सुहासच्या होमस्टेची पडवी. बसणारे तिघं: जहाजावर नोकरी करून आलेला सुहास, देवळातला गुरव दाजी आणि सातवी नापास मी. गेल्या वर्षी विलायतेची एक काउंटेस, म्हणजे तिकडची सरदारीण, पाच दिवस राहून गेली आणि तेवढ्यातच टोपली उतू गेली!

*

बाई आली होती नवऱ्याच्या आजोबांच्या बहिणीचं थडगं शोधायला. तीन वर्षांची पोर, साहेबी अमलात तापानं इथंच गेली. नवरा तिकडे अंथरुणावर, उठायची आशा नाही. डोळे मिटायच्या आत त्याला थडग्याचा फोटो बघायचा होता.

सुहास फॉर्म भरायला बसला. "आडनाव?" बाईनं एक सांगितलं. नवऱ्याचं तेच, पण त्याला ओळखतात जहागिरीच्या नावानं. आणि थोरला मुलगा लावतो ते तिसरंच! सुहासनं पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, "एका घरात तीन नावं! आमच्या वाडीत एका आडनावाची चाळीस घरं, आणि एक दुसऱ्याशी बोलत नाही!"

*

दुसऱ्या दिवशी कळलं, काउंटेस ही एकटीच नाही. सासू पण काउंटेस. नवऱ्याची सोडलेली पहिली बायको, ती पण काउंटेस! नाताळात तिघी एका टेबलावर जेवतात म्हणे.

मी वाडीत बातमी सोडली, "बाईचं सासूशी पटतं, सवतीशी पण पटतं!" संध्याकाळी पडवीत पंधरा बायका हजर. नुसतं बघायला!

*

विलायतेचा राजा तिच्या नवऱ्याचा लांबचा चुलतभाऊ निघाला. दाजीनं लगेच विचारलं, "मग सुतक किती दिवस?"

सुतकाचं इंग्रजी सुहासला येईना. त्यानं विचारलं, "भावकीत कुणी गेलं तर तुम्ही किती दिवस दाढी करत नाही?"

बाईनं हनुवटी चाचपली. म्हणाली, "मी तर कधीच करत नाही!"

*

चार दिवस झाले, थडगं काही मिळेना. उद्या बाई जाणार. शेवटी दाजी म्हणाला, "देवाला गाऱ्हाणं घालू." पण गाऱ्हाण्यात कुळाचं नाव कुठलं घेणार? दाजीनं तिन्ही नावं घेतली, सासूचं माहेर घेतलं, वर म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्यातलं लागू पडेल ते धर, पण पोर दाखव!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाईचा.

देवळाच्या पायरीवर बसलेली वाडीतली काशीकाकू खेकसली, "तीन वर्षांची पोर होय? आधी बोलायचंत! आमच्या कलमांत आहे ती."

आम्ही चार दिवस "साहेबाचं थडगं कुठं?" विचारत फिरलो होतो!

*

सकाळी गेलो. हापूसच्या कलमाखाली जांभ्याचा चौथरा, वर झिजलेला दगड. दर अवसेला तिथं दूधभात ठेवायचा, असं काकूला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. पोर कुणाची, ते कुणी विचारलंच नाही.

बाईनं शेवाळ पुसलं. नाव वाचलं. फोटो काढून नवऱ्याला पाठवला. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. बाई गुडघ्यांवर बसली आणि ते दगडाला वाचून दाखवायला लागली.

काशीकाकूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाय, मराठीत सांग गो. आमच्या पोरीला इंग्रजी नाय येत."