दरवाज्यावरच्या सात ओळी

"मशीन बंद कर!" मी खालून ओरडलो. परांचीवरच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत शिलालेखाच्या सातही ओळी गेल्या होत्या.

बीड जिल्ह्यातल्या एका किल्ल्याच्या दुरुस्तीवर मी ठेकेदाराचा साइट इंजिनिअर होतो. मुख्य दरवाज्यावर फारसी लेख होता, वर चुन्याचे थर; ओळी त्यातून पुसट दिसायच्या. काम उठावाचं. म्हणजे अक्षरं ठेवून भोवतीचा दगड खोल घेतलेला. असा दगड घासला, की आधी अक्षरंच जातात.

कबरींचे दगड कोरणारे नेकनूरचे सलीमभाई मीच बोलावले होते. ओलं फडकं आणि बांबूची काडी घेऊन त्यांनी दिवसभरात तळहाताएवढा चुना काढला.

"हे बगा, कोरणाऱ्याचं नाव हाय," ते हरखून म्हणाले. "महिना लागंल. पण लोखंड लावू नका."

ठेकेदारसाहेबांना मी तसं सांगितलं.

"महिना? आठ दिवसांवर उद्घाटन हाय! एस्टिमेटमध्ये काय लिहिलंय?"

"तट आणि दरवाजा, दगडाचं ड्रेसिंग."

"मग करा ड्रेसिंग."

ड्रेसिंग म्हणजे दगडाचं तोंड तासून सपाट करणं. तटात बसवायच्या नव्या दगडांसाठी तो शब्द होता. 'दरवाजा' त्यात चुकून आला होता.

"साहेब, ते जुन्या दगडाला चालत नाही."

"टाइप कुणी केलं?"

मीच केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद देऊन बीडला पाठवलं. कशासाठी पाठवतायत ते मला कळत होतं. तरी गेलो. परत आलो, तेव्हा परांचीवर दगड घासायचं मशीन चालू होतं.

नंतर साहेबांनी सलीमभाईंना परत बोलावलं. "फोटो हाय आपल्याकडं. तसंच कोरून द्या."

सलीमभाई परांचीवर चढले. गुळगुळीत दगडावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मग खाली आले.

"कोरतो की. पण ते माझं काम होईल. खाली माझं नाव टाकू देता का?"

"लई शहाणपणा नको."

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. जाताना माझ्यापाशी थांबले.

"इंजिनिअरसाहेब, तुमाला तर माहीत होतं ना?"



उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, दरवाजा अगदी नव्यासारखा दिसतोय. अहवालात लिहिलं, 'शिलालेख काळाच्या ओघात झिजलेला.' खाली सही माझी.

एस्टिमेटमधला एक शब्द खोडायला दोन मिनिटं लागली असती. साहेबांशी भांडलो असतो तर नोकरी गेली असती. मी नोकरी धरून ठेवली. चार महिन्यांनी साइट संपली, तेव्हा त्यांनी मला फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.