हाताखालचा हात

उमरग्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते असं सांगितलं की लोक विचारतात, "त्याचा उपयोग काय हो मॅडम?" मी आता "काही नाही" म्हणून मोकळी होते. प्रत्येकाला समजावत बसायला वेळ कुणाला आहे? पण अभ्यासक्रमात युरोपचं मध्ययुग आलं की मात्र मला आवरणं कठीण होतं. हायवेवरून ट्रक भोंगे वाजवत जातात, शेवटच्या बाकावरची मुलं जांभया देतात आणि मी खडू हातात घेऊन नुसती उधळलेली असते.

ग्रीक संपले आणि आधुनिक लोक अजून यायचेत, अशी ती मधली हजारएक वर्षं. बरेच शिक्षक ती घाईघाईत गुंडाळतात. म्हणतात, ते सगळं ख्रिस्ती धर्मशास्त्र, त्यात तत्त्वज्ञान कुठलं? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, खरी मजा तिथंच आहे! एकीकडं "कशावरून?" विचारल्याशिवाय पुढं पाऊल न टाकणारी बुद्धी, दुसरीकडं "आधी मान, मग उमजेल" म्हणणारी श्रद्धा, आणि दोघींना एकाच घरात नांदायचंय. बुद्धी ही श्रद्धेची दासी, असं तिथल्या धर्मपंडितांनी ठरवून टाकलं. पण दासीशिवाय मालकिणीचं पान हलेना! मग त्या घरात खरं चालायचं कुणाचं? हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा मुली गालातल्या गालात हसतात. त्यांना उत्तर घरून माहीत असतं.

हे सगळं मी आधी घरी बोलून पाहते. माझे श्रोते म्हणजे अप्पा, माझे वडील. मोंढ्यात त्यांची आडत होती, उभा जन्म तूर आणि हरभरा पारखण्यात गेला. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडं आणलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. आम्ही लिंगायत. अप्पा रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान. मग तळहात डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसायचे. पूजेआधी पाण्याचा थेंबही तोंडात जायचा नाही. पूजा झाली की मात्र भाकरीवर तुटून पडायचे आणि म्हणायचे, "हं, सांग आता तुझ्या गोऱ्या स्वामींचं."

एकदा मी त्यांना त्या काळच्या एका ख्रिस्ती मठातल्या संन्याशाची गोष्ट सांगितली. देव आहे हे त्यानं निव्वळ विचारानं सिद्ध करायला घेतलं होतं. ज्याच्याहून मोठं काही मनात आणताच येत नाही तो देव. आता तो फक्त मनातच असेल, तर खरोखर असणारा त्याच्याहून मोठा ठरेल. म्हणजे तो खरोखर असलाच पाहिजे!

अप्पांनी घास तसाच धरला. "मनात लई मोठी तूर आणली म्हंजे पोत्यात येती व्हय गं?"

मी टाळीच वाजवली. "अप्पा, त्याच्याच काळातल्या दुसऱ्या संन्याशानं हीच शंका काढली होती! तुरीऐवजी बेट म्हणाला, एवढंच."

"मग त्यो शाणा."

"थांबा ना. पहिल्याची खरी गंमत पुढं आहे. हे सगळं तो देवालाच सांगतोय. तू आहेस, हे मला तुझ्याच मदतीनं कळू दे, असं म्हणत."

अप्पांनी धरलेला घास तोंडात घातला. मग म्हणाले, "म्हंजे आहे का न्हाय हे बघाया निघाला, आन हात त्याचाच धरून." आणि एवढे खूश झाले की आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

मी स्वतः इष्टलिंग घालत नाही. कॉलेजात शिकत असतानाच उतरवून देवघरात ठेवलं. मला पटत नव्हतं, अजूनही पटत नाही, आणि न पटता गळ्यात घालणं मला जमणारं नाही. अप्पा तेव्हा रागावले नाहीत आणि नंतर कधी तो विषयही त्यांनी काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांना लकवा मारला. जीव वाचला, वाचा आली, काठी घेऊन चालायलाही लागले. डावा हात मात्र गेला. तळवा मिटून राहायचा, उघडला तर थरथरायचा. आणि इष्टलिंग तर त्याच तळव्यावर घ्यायचं. उजव्यावर घेतलं तर विभूती लावायची कशानं? त्यांनी दोनचार दिवस धडपड केली. एकदा लिंग हातातून निसटता निसटता राहिलं, तेव्हा त्यांनी ते चांदीच्या करडग्यात, त्याच्या छोट्या डबीत, घालून गळ्यात ठेवून दिलं आणि पूजा बंद केली. जवळच्या मठातल्या स्वामींनी सांगून पाहिलं, पाटावर ठेवा, देव काही म्हणत नाही. अप्पा हो म्हणाले आणि केलं काहीच नाही.

पूजा नाही म्हणून जेवण नाही. मी हट्ट धरला की गोळ्यांपुरती पेज घ्यायचे, तीही चोरून खाल्ल्यासारखी, भिंतीकडं तोंड करून. माणूस माझ्या डोळ्यांदेखत झिजायला लागला. मला त्यांच्या देवाचा राग येत होता, हे खरंच सांगते.

त्यातच वर्गात माझा आवडता भाग आला. सकाळी मी अप्पांच्या खाटेशेजारी बसून टिपणं चाळत होते. ते बसल्या बसल्या डाव्या हाताची बोटं उजव्यानं सोडवत होते. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "अप्पा, माझ्या हातावर ठेवा ना लिंग! मी धरते."

अप्पांचा चेहरा बघून मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. इष्टलिंग ज्याचं त्यानंच हातावर घ्यायचं असतं, ते दुसऱ्याच्या हातावर! आमच्या घरातलं शेंबडं पोरही असं म्हणायचं नाही.

"शिकून शिकून येडी झालीस का?" अप्पा कडाडले. "माझं लिंग तुझ्या हातावर? आन तुझा तर इस्वासबी न्हाय!"

"नाही तर नाही! बसा मग उपाशी!" मीही कडाडले. आम्ही दोघंही एकाच मातीचे.

मी रागानं टिपणं मोठ्यानं वाचायला लागले. थोड्या वेळानं खाटेवरून आवाज आला, "काय पुटपुटायलीस? नीट सांग की."

मी फणकाऱ्यानंच सुरुवात केली, पण त्या गोष्टीत राग टिकत नाही. ग्रीकांचा एक थोर तत्त्वज्ञ होता. ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा, त्यामुळं ख्रिस्ताचा देव त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्याचे बरेचसे ग्रंथ पश्चिम युरोपातून हरवले, पण तिकडं अरबीत मुसलमान पंडितांनी ते जिवापाड जपले, त्यांच्यावर टीका लिहिल्या. पुढं त्यातले पुष्कळसे अरबीतूनच फिरून युरोपात आले आणि एकच गोंधळ उडाला! धर्मपीठानं बंदी घातली. पण विद्यापीठातली पोरं ऐकतात होय? तरीही वाचत राहिली. शेवटी मोठमोठे धर्मपंडित त्याच्यावाचून पान उलटेनात. त्याचं नावही घेत नसत, नुसतं "तो तत्त्वज्ञ" म्हणत, आपल्याकडं बायका "हे" म्हणतात तसं.

अप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "त्याचा इस्वास न्हवता ना पर?"

"कुठला? त्याच्या मते तर हे जग कधी निर्माणच झालं नाही, ते कायमचंच आहे."

"आन तरी त्याचा हात घेतला?"

"घेतला. एका जाडजूड संन्याशानं वाट काढली. तो म्हणाला, देव आहे इथवर बुद्धी आपल्या पायानं येते. त्याच्या पलीकडचं तिला झेपत नाही, ते श्रद्धेचं. बुद्धीनं तिथं ढवळाढवळ करायची नाही, खालून भक्कम उभं राहायचं."

अप्पा आपल्या मिटलेल्या तळव्याकडं बघत राहिले. बाहेर एक ट्रक गियर बदलत चढाला लागला होता.

"म्हंजे देवाला हात न्हाय लावला त्यानं," ते हळूच म्हणाले. "खालनं टेकू दिला."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं आणि मी टिपणं मिटून ठेवली. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आंघोळीला गरम पाणी मागितलं. पाटावर बसले, विभूती लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ये. हात आण."

मी त्यांच्या डाव्या हाताखाली माझा हात ठेवला. अंगठ्यानं त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि दाबून धरली. तळवा उघडला. थरथर माझ्या हातात उतरली आणि हळूहळू थांबली. अप्पांनी उजव्या हातानं करडगं उघडून लिंग आपल्या तळव्यावर ठेवलं. मी कुठं लिंगाला शिवत नव्हते. माझ्या हातावर होता तो फक्त माझ्या बापाचा हात, थंडगार आणि जड. पाणी वाहिलं, विभूती वाहिली, बेलाचं पान ठेवलं. मग आम्ही दोघांनी मिळून तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर उचलला. ते लिंगाकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. देवावर माझा विश्वास तेव्हाही बसला नाही, पण मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं.

पूजा संपली. लिंग करडग्यात गेलं. अप्पांनी उजव्या हातानं माझं मनगट चोळलं आणि म्हणाले, "अवघडलं का गं?"

"न्हाय अप्पा."

"मग वाढ की. लई भूक लागलीया."

आणि मी, येडी, सवयीनं त्या दिवशीही नुसती पेजच केली होती. तशीच उठले, पिठाचा डबा ओढला आणि रडत रडत भाकरी थापायला लागले.