तिसऱ्या हाकेची वाट

रामनाथच्या घरात तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसऱ्यालाही नाही. त्याची आई पुतळाबाई सांगायची, खाडीकडून जे येतं त्याला माणसाचं नाव दोनदाच घेता येतं. तिसऱ्यांदा हाक आली तर ते आपलं माणूस. पुतळाबाई गेली, खाडीपर्यंत गोदामांचे पत्रे आले, रामनाथ सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला, पण नियम तसाच राहिला. मी त्यांचा शेजारी. वाटीभर साखर हवी असली तरी तीनदा ओरडावं लागतं, आणि मला या प्रकाराचा भयंकर कंटाळा आहे.

त्याची दुसरी खोड म्हणजे लेक. स्वप्नाली लहान असताना तिच्या वेण्या तोच घालायचा, त्याही वाकड्यातिकड्या. पार्लर कधी काढतोस, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा. कामावरून आला की बापलेक केळीच्या वाडीत पाणी सोडायला जात. तो या टोकाला, ती त्या टोकाला. तीन हाका, मग ओ. पाणी भरेपर्यंत शाळेतलं, मैत्रिणींचं सगळं ती त्याला सांगून टाकायची.

यंदा ती अकरावीला गेली आणि पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागली.

रामनाथने लाडानं 'बाय' अशी हाक मारावी, तर शब्द पुरा व्हायच्या आत पलीकडून घाबरलेली ओ यायची. फोन थरथरला की ताटावरून उठायची. कधी तो थरथरायच्या आधीच दचकायची. मध्येच जाऊन कपडे बदलून यायची आणि खिडकीत उभी राहायची, बाहेर कुणीच नसताना. तिची आई रचना म्हणाली, बाहेरचं काही लागलंय, कुणाला तरी दाखवू. खोटं कशाला बोलू, मलाही तिच्याकडे बघायची भीती वाटायची.

रामनाथने फोन हिसकावला नाही की आवाज चढवला नाही. ओव्हरटाइम सोडला आणि रोज वाडीत तिच्या शेजारी येऊन बसू लागला. कितीतरी संध्याकाळी ती गप्पच होती. मग एकदा बोलली. वालीवचा दीपेश, तिच्याहून बराच मोठा. पहिल्या रिंगला फोन घेतला नाही तर कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, फोटो पाठव. निळा ड्रेस काढ. खिडकीत ये. ऐकलं नाहीस तर तुझ्या बापाला सगळं सांगेन.

"आता त्याच्याकडं सांगायला काय उरलं?" रामनाथ म्हणाला. "फोन बंद कर."

तिने फोन बंद केला. "आपल्या हाकेचं, 'बाय' म्हणण्याचंही मी त्याला सांगितलंय, पप्पा. तो बोलला, मी तीनदा हाक मारीन."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी केळफूल मागायला वाडीत गेलो होतो. ती दोघं पाटाच्या कडेला बसली होती. तेवढ्यात बांधाकडून हाक आली, "स्वप्नाली." आवाज अगदी मऊ. वारा नव्हता, तरी केळीची पानं हलली. दुसरी हाक आणखी जवळून आली. ती उठायला लागली. रामनाथने तिचा हात धरला.

"बाय."

तिसरी हाक. रामनाथचाच शब्द, रामनाथच्याच हेलात. माझ्या अंगावर काटा आला, कारण रामनाथ तर माझ्यासमोर ओठ मिटून बसला होता.

"ओ," रामनाथ म्हणाला आणि उठून त्या आवाजाकडे चालू लागला. "कोन हाय? पुढं ये. बोल माझ्याशी."

पानं जोरात हलली. चिखलातून कुणीतरी धावत सुटलं. पाठोपाठ रामनाथही दिसेनासा झाला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग केळींच्या पलीकडून हाक आली, "बाय."

स्वप्नाली हलली नाही. दुसरी हाक आली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच जीव मुठीत धरून तिसऱ्या हाकेची वाट बघितली. ती आली.

"ओ, पप्पा," ती म्हणाली.